‘क्ले’ चिप म्हणजे भाजलेली माती नव्हे
पोकर या पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी ज्या चकत्या, म्हणजे चिप्स, वापरतात, त्या आधी हस्तिदंत, हाड आणि लाकूड यांच्या असत आणि मग ‘क्ले’च्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीच्या, आल्या, असे एका ठिकाणी लिहिलेले वाचले. हा क्रम मला मान्य आहे, पण भाजण्याची गोष्ट पटत नाही. १८८० च्या दशकापासून अमेरिकेत ज्या चिप्स रूढ झाल्या, त्यांत मातीची भुकटी शेलॅकमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या लाखेत, कालवून साच्यात दाबत असत. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेच्या, आणि ती मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे.

आमच्या खानापूरची माती भांड्यांसाठी नावाजलेली, म्हणून लहानपणी दिवाळीतल्या रमीसाठी आम्ही कुंभारकाकांकडून रुपयाएवढ्या चकत्या आव्यात भाजून घेतल्या होत्या. चार रात्रींत त्यांच्या कडा उडाल्या, सतरंजीभर तांबडी पूड झाली आणि आजीने पुन्हा चिंचोक्यांचा डबा काढून दिला. लाखेने बांधलेल्या चकतीत मात्र कडेला वेगळ्या रंगाचे तुकडे साच्यातच बसवता येतात, त्यामुळे नकली चिप करणे अवघड होते. जुगारघरांना ती पसंत पडण्यामागे मला हेच कारण सर्वांत मोठे वाटते.