पाचवीतला मुलगा पुन्हा पुन्हा आग लावतोय. नेमकं काय करावं?

वर्गशिक्षिका_५ब
मुलाचं वय १०. दोन महिन्यांत तीन प्रकार झाले. आधी शाळेच्या स्वच्छतागृहात कागदाचे बोळे, मग घरी पलंगाखाली वहीची पानं आणि आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका दुचाकीचं सीट कव्हर. तिन्ही वेळा एकटाच होता. वडिलांनी मारून झालं, आजीने देवाची शपथ घालून झाली. आई म्हणते, वय आहे, दिवाळीत सगळीच पोरं करतात. काही पालक म्हणतात, शाळेतून काढा. त्यात वडिलांना कुणीतरी सुचवलंय की अख्खी काडेपेटी पुढे ठेवून कंटाळा येईपर्यंत काड्या ओढायला लावा, हौस फिटेल. यातलं काय करावं, कोणत्या क्रमाने?

बालसमुपदेशक_सातारा
ताई, काड्या ओढायला लावण्याचा उपाय आधी थांबवा. पूर्वी काही ठिकाणी उपचार म्हणूनही हे करत, आता कुणी जाणकार सुचवत नाही. वीस-पंचवीस काड्या ओढल्या की हात बसतो, भीती जाते आणि मोठ्यांची संमती आहे असं मुलाला वाटतं. हाताला चटका देणं, भाजलेल्या माणसांचे फोटो दाखवणं हेही नको. चटका हा सरळ छळ आहे. फोटोंनी काही मुलं हादरतात, काहींचं आकर्षण उलट वाढतं.

माराने आग थांबत नाही, लपते. पलंगाखाली, कपाटात, गच्चीवर टाकीमागे, जिन्याखालच्या अडगळीत. म्हणजे जिथे गादी-कपडे आहेत आणि बाहेर पडायची वाट एकच आहे, तिथेच. शिवाय मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी आग हाताबाहेर गेली तरी हाक मारत नाही. मला यातली सर्वांत मोठी भीती तीच वाटते.

आता आईचं म्हणणं. तीन ते सात वर्षांचं मूल अनुकरण करतं. हाताशी पेटी सापडली, ओढली, घाबरून टाकली, एवढंच असतं. तिथे पेट्या उचलून ठेवणं आणि शांतपणे समजावणं बहुतेकदा पुरतं. इथे मात्र चार गोष्टी वेगळ्या आहेत: एकटेपणा, लपवाछपवी, पुन्हा पुन्हा घडणं, आणि कागदावरून दुसऱ्याच्या वस्तूवर येणं. हे नुसतं कुतूहल नाही. पण म्हणून लगेच ‘अग्निवेडा’ असा शिक्काही मारू नका, ते निदान मुलांमध्ये फारच क्वचित होतं. मुळाशी बहुतेकदा वर्गातली दादागिरी, घरातली भांडणं किंवा व्यसन, एखादा मृत्यू, अभ्यासातली पीछेहाट, किंवा एडीएचडीसारखा (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) उतावळेपणा निघतो.

कारण शोधायचं तर ‘का केलंस?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर ‘माहीत नाही’ असंच येतं. एकाच मोठ्या माणसाने, आईवडील समोर नसताना, क्रमाने विचारावं. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं? काडेपेटी कुठून घेतली, किती दिवस जवळ होती? तीच जागा का? पेटल्यावर तू कुठे उभा होतास? विझवलीस, पळालास, बघत राहिलास की कुणाला बोलावलंस? नंतर कसं वाटलं?

हे बोलता बोलता एका कागदावर आडवी रेघ मारून घटना ओळीने लिहा आणि प्रत्येकीवर राग किंवा दुःख किती होतं ते मुलालाच उंच-बुटक्या खांबांनी काढू द्या. तिन्ही प्रसंगांचे तीन कागद शेजारी ठेवले की आगीच्या आधीचा सर्वांत उंच खांब बहुधा एकाच जातीचा निघतो: तोच मुलगा चिडवतो, तोच तास, वडिलांचं घरी येणं. स्वच्छतागृहात कोण त्रास देतं आणि ती दुचाकी कुणाची, हे मी आवर्जून विचारेन.

मग त्या खांबापाशी दुसरी कृती बसवायची. अशी वेळ आली की वर्गातून उठून अमुक बाईंकडे जायचं, ठरलेलं एक वाक्य बोलायचं. हे करून दाखवून सराव घ्या. नुसतं सांगून ऐन वेळी काहीही आठवत नाही.

आणि तीन प्रकार झालेत, त्यामुळे बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवाच. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. घरात मारहाण असल्याचं बोलण्यात आलं तर मुलांसाठीची चाइल्डलाइन, १०९८.

अग्निशमन_निवृत्त
वरचं सगळं होईपर्यंत घर सुरक्षित हवं, आणि ते आजच्या आज. घरात एकच काडेपेटी, तीही कुलपात. नुसती उंच फळी पुरत नाही, दहा वर्षांचं पोर स्टूल लावतं. सिगारेटचा लायटर घरात नको. शेगडीसाठी फक्त ठिणगी पाडणारा गॅस लायटर ठेवा, आणि रात्री रेग्युलेटर बंद. देवघरातला कापूर, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, डिओडरंटचे डबे त्याच कुलपात. सॅनिटायझरची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही, त्यामुळे मुलांना ते पेटलंय हे भाजल्यावरच कळतं.

दप्तर, कंपासपेटी, खिसे, गादीखालची जागा रोज एकदा त्याच्यासमोर बघायची. चोरून झडती घेतली की लपवायच्या जागा वाढतात. जळक्या काड्या, वितळलेली पट्टी, पडद्याच्या कडेला तपकिरी भोकं, कुंडीत राख, उदबत्तीचा पुडा लवकर संपणं या खुणा. उलट बाजूने एक सवय लावा: बाहेर कुठेही काडेपेटी किंवा लायटर दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं, आणि सांगितलं की लगेच शाबासकी. घरी पडली असेल तर आणून द्यायची. लायटर आणून दिल्याबद्दल ‘तुला मिळालाच कसा?’ म्हणून उलटतपासणी केलीत तर ते दार कायमचं बंद झालं समजा.

झोपायच्या खोलीबाहेर छताला बॅटरीवरचा धूरसूचक बसवा, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. स्वयंपाकघरात तो नको, फोडणीला वाजतो आणि लोक बॅटरीच काढून टाकतात. एक एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ.

मुलाला शिकवायचं ते थोडं आणि पाठ. आग दिसली की ओरडायचं, बाहेर पडायचं, मागे दार ओढून घ्यायचं, मग १०१. लपायचं नाही. कपड्यांनी पेट घेतला तर थांब, तोंड झाक, जमिनीवर लोळ. भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको.

अग्निशमन केंद्रावर मुलाला घेऊन या, पण एकट्याला आणि वेळ ठरवून. गाडीत बसवून फेरी मारू नका, आग लावल्याचं ते बक्षीस होतं. ज्वाळा उठवून विझवण्याचं प्रात्यक्षिकही या मुलासाठी नको. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात (१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या स्मरणार्थ तो पाळतात) शाळाशाळांतून हेच दाखवतात. बाकीच्या मुलांना उपयोगाचं आहे, याला त्या दिवशी दुसरं काम द्या.

वर्गशिक्षिका_५ब
खूप उपयोग झाला. दोन अडचणी उरतात. आजीचं म्हणणं, रोज दिवा लावायचा, पेटी कुलपात कशी ठेवू? आणि शाळेतून काढण्याचं काय?

वकील_बालहक्क
काढता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. त्यामुळे सगळ्या वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावणंही टाळा.

तक्रार झालीच तर: सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात परिणाम समजण्याइतकी समज नसेल तरही नाही (भारतीय न्याय संहिता, कलमं २० आणि २१). तेवढी समज असेल तर, आणि बारापुढे १८ पर्यंत, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. सीट कव्हरचे पैसे पालकांनी लगेच भरून द्यावेत, वाद तिथेच मिटण्याची शक्यता जास्त. मुलाने खाऊच्या पैशातून थोडा वाटा द्यावा आणि पार्किंग झाडून द्यावं. हे शिक्षा म्हणून नाही, नुकसान भरून देणं म्हणून. मालकाला आधी विचारा.

शाळेने लेखी योजना करावी: स्वच्छतागृहाला जाताना-येताना नोंद, मधल्या सुटीत कुणा एका शिक्षकाचं लक्ष, आणि नवा प्रकार घडला तर कुणाला फोन करायचा. तारखेसह, पालकांच्या सहीने.

बालसमुपदेशक_सातारा
आजींसाठी: कुलूप देव्हाऱ्याच्या खणालाच लावा, किल्ली त्यांच्या कनवटीला. तुपाची वात काही काळ त्यांनी एकटीनेच लावावी. नातवाला ‘तू लाव रे बाळा’ हे निदान उपचार सुरू असेपर्यंत बंद. फुलं वाहणं, घंटा वाजवणं त्याच्याकडे द्या, म्हणजे पूजेतून हाकलल्यासारखं वाटणार नाही.

तेरा_वर्षांच्या_पुढे
वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी मोठी मुलं आहेत त्यांच्यासाठी एक भर. तेराच्या पुढे हे बहुतेक टोळक्यात होतं, मोबाइलवर चित्रण चालू असतं. तिथे मित्रांची चौकशी वेगवेगळी करा, एकत्र बसवलंत की गोष्ट जुळवून सांगतात. न वाजलेल्या फटाक्यांची दारू काढून साठवलेली सापडली तर स्वतः हाताळू नका, चोळल्या-घासल्यानेही ती पेटू शकते. खोली बंद करून अग्निशमन दलाला कळवा. आणि मूल जीव द्यायचं बोलत असेल, स्वतःला किंवा प्राण्यांना इजा करत असेल, किंवा माणसं झोपलेल्या घरात आग लावली असेल, तर वर दिलेले कागद-खांब वगैरे नंतर. त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर मूल एका क्षणासाठीही एकटं नको.