सज्जादची गाणी आणि सज्जादचा स्वभाव: तुमचे अनुभव सांगा

संगीतकार सज्जाद हुसेन यांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास येतात. 'संगदिल'मधलं (१९५२) 'ये हवा ये रात ये चांदनी', आणि ते गाणाऱ्या तलत महमूदलाच ते 'गलत महमूद' म्हणायचे हा किस्सा. मोठी कारकीर्द, पण चित्रपट मोजकेच. 'हलचल' (१९५१) तर निर्माते के. आसिफ यांच्याशी बिनसल्यामुळे अर्ध्यावर सुटला, उरलेली गाणी मोहम्मद शफींनी केली. इतक्या ताकदीचा संगीतकार आज किती जणांना माहीत आहे? माझा जीव त्यांच्या चालींवर आहे आणि किस्से ऐकताना तोच जीव कसानुसा होतो. तुमचं काय होतं? मोकळेपणाने लिहा.

कोल्हापूर
मी ऑर्केस्ट्रात मॅन्डोलिन वाजवतो. जोडतारा, पक्के पडदे, आणि छेडलेला सूर बघता बघता विरतो. या वाद्यावर मींड काढायची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जायचं, म्हणजे वाद्याच्या स्वभावाशीच भांडायचं. सज्जादसाहेब ती अशी काढत की सतारीकडून मागावं ते मॅन्डोलिन देऊ लागे. त्यांच्या पायाशी बसून शिकायला मी कधीही तयार झालो असतो. त्यांच्या रेकॉर्डिंगला वादक म्हणून बसायला मात्र नाही.

पुणे
माझे बाबा व्हायोलिन वाजवायचे, मागच्या रांगेत. एका संगीतकाराने (हे नव्हेत, नाव सांगणार नाही) एक सूर हलला म्हणून सगळ्यांदेखत त्यांना उठवून घरी पाठवलं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, पोट भरलंय.

म्हणून 'केवढे परफेक्शनिस्ट!' असं म्हणत हे किस्से रंगवले जातात तेव्हा मला त्रास होतो. 'हे नौशादमियाँचं गाणं नाही, मेहनत करावी लागेल,' असं सज्जादनी लताबाईंना सुनावल्याचं सांगतात. लताबाईंना ते पेलवलं. पुढे 'रुस्तम सोहराब'मध्ये (१९६३) त्यांनी 'ऐ दिलरुबा' गायलं, आणि सज्जादबद्दल त्या कायम आदरानेच बोलत. पण रोजावर आलेल्या वादकाने अपमान कुठे ठेवायचा? त्याचा किस्सा कुणी लिहून ठेवत नाही.

आणि तरीही 'ऐ दिलरुबा' लागलं की मी गॅस बंद करून ऐकते. तो अरबी वळणाचा सूर दुसऱ्या कुणाला सुचला असता असं मला वाटत नाही.

नागपूर
एक बाजू राहिली. 'दोस्त'ची (१९४४) गाणी गाजली तेव्हा दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवींनी श्रेय नूरजहाँच्या गळ्याला दिलं, आणि सज्जादनी पुन्हा तिच्याबरोबर काम करायचं नाही असं ठरवलं, असं सांगतात. पहिल्याच यशाला असा चटका बसला की माणूस कडवट होतो. मला राग कळतो. पण तलतसारख्या मृदू माणसाला बोल लावणं त्यात बसत नाही.

डोंबिवली
'रुस्तम सोहराब'मधलं सुरैयाचं 'ये कैसी अजब दास्ताँ हो गई है' कुणीच का काढलं नाही? तिचा हा शेवटचा चित्रपट. तिच्या आवाजातला थकवासुद्धा सज्जादनी चालीत सामावून घेतलाय. ज्याला गळ्याची एवढी जाण, त्याला त्या गळ्यामागच्या माणसाची का नसावी, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

हैदराबाद
आमच्याकडे, तेलुगू शेजाऱ्यांत, सज्जाद हे नाव कुणाला ठाऊक नाही, पण 'मुत्याल मुग्गु'मधलं (१९७५) मॅन्डोलिन सगळ्यांना ठाऊक आहे. ते वाजवलंय सज्जादनी. हिंदीत काम मिळेनासं झालेला माणूस दुसऱ्याच्या संगीतात वादक म्हणून बसला आणि काय वाजवून गेला! कोल्हापूरकर, तुम्ही ते आधी ऐका आणि मग इथे सविस्तर लिहा. आम्हाला नुसतं आवडतं, तुम्हाला हात कळतो.