मदत हवी आहे: २०२०च्या मुद्रांक सवलतीत घेतलेला फ्लॅट रखडलाय. थांबावं की पैसे परत मागावेत?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

डिसेंबर २०२०ला पुण्यात धायरीत टू बीएचके बुक केला, करारनामा ५८ लाखांचा. कोविडनंतर बांधकाम धंद्याला हात द्यायला सरकारने मुद्रांक शुल्कात ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्के सूट दिली होती, पुढचे तीन महिने दोन टक्के. बिल्डरच्या ऑफिसातून रोज फोन, "सर, एकतीस तारीख लक्षात आहे ना?" २९ला शुल्क भरलं. नोंदणीला चार महिन्यांची मुभा होती, तरी फेब्रुवारीत दुय्यम निबंधकाकडे अर्धा दिवस गेलाच. १ लाख ७४ हजार वाचले या आनंदात घरी पेढे आणले.

ताबा डिसेंबर २०२३चा होता. अकराही स्लॅब पडलेत, विटकाम चौथ्या मजल्यापर्यंत आलंय, आणि दीड वर्ष काम ठप्प. परवा बघायला गेलो तर तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमध्ये वॉचमनने दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. मला बघून म्हणाला, "या साहेब, बसा." आमच्याच घरात!

७० टक्के पैसे गेलेत, त्यातले ३० लाख बँकेचे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर वाढला तेव्हा नुसतं व्याज महिन्याला साडेतेवीस हजारांवर गेलं होतं. २०२५च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो एक टक्क्याने उतरला, तेव्हा आता २१ हजार. वर वडगावचं भाडं १६ हजार. म्हणजे वाचलेले पावणेदोन लाख अकरा महिन्यांच्या एका भाडेकरारात फस्त.

बिल्डर म्हणतो, सिमेंटचा जीएसटी २८चा १८ झालाय, आता काम सुरू करतो. यात तथ्य आहे का? केंद्राचा रखडलेल्या प्रकल्पांसाठी स्वामिह फंड आहे म्हणतात, त्यात आपण अर्ज करू शकतो का? की सरळ महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, जाऊन पैसे मागावेत? बायको म्हणते थांबू, कारण याच पैशात आता धायरीत काही मिळणार नाही. तिचंही खोटं नाही.

पेठेतला_सीए: आधी एक तातडीचं. जुन्या करपद्धतीत असाल तर ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवं. नाहीतर राहत्या घराच्या व्याजाची वजावट २ लाखांवरून ३० हजारांवर येते. तुमची मुदत ३१ मार्च २०२६. चौथ्या मजल्यावरचं विटकाम बघता ती चुकणार हे धरूनच हिशेब करा. आणि सिमेंटचं म्हणाल तर ज्याच्याकडे गवंड्याला द्यायला पैसे नाहीत, त्याला गोणी थोडी स्वस्त मिळून काय होणार?

सिंहगडरोडकर: आम्ही यातून गेलोय. रेरा कायद्याचं कलम १८ नीट वाचा, दोन वाटा आहेत. बाहेर पडलात तर भरलेली रक्कम व्याजासकट. थांबलात तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के. पण आदेश हातात येणं वेगळं आणि पैसे येणं वेगळं. बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचा वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मग तहसील कार्यालयाच्या चकरा सुरू. बिल्डरकडे विकण्यासारखं काही उरलंय का, ते आधी शोधा. महारेराच्या साइटवर न विकलेले फ्लॅट किती दाखवलेत तेही बघा.

पेठेतला_सीए: बाहेर पडलात तर ५ टक्के जीएसटीही विसरू नका. करार रद्द झाल्यावर बिल्डरने तो परत केला नाही, तर डिसेंबर २०२२च्या परिपत्रकानुसार ग्राहक स्वतः परताव्याचा अर्ज करू शकतो.

दुपारचा_चहा: स्वामिह २०१९चा, २५ हजार कोटींचा. २०२५च्या बजेटमध्ये दुसरा, १५ हजार कोटींचा जाहीर झाला. पण ते अनुदान नाही, कर्ज आहे, आणि ते बिल्डरच्या प्रकल्पाला मिळतं. तुमच्या अर्जाने काही हलणार नाही. मात्र सगळे मिळून "अर्ज केलास का, दाखव" असं लेखी विचारू शकता. प्रकल्पाची महारेरा नोंदणी संपली असेल तर रेराच्या कलम ८ खाली उरलेलं काम करून घ्यायचा पहिला हक्क फ्लॅटधारकांच्या संघटनेचा असतो. संघटना आहे का?

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. मार्च २०२६चं खरंच डोक्यात नव्हतं. न विकलेले फ्लॅट आत्ताच बघितले, १९ दाखवतात. बायकोला दाखवले, ती म्हणाली मग थांबण्यात अर्थ आहे. मला वाटतं अर्थ वसुलीत आहे. संघटना फक्त व्हॉट्सअॅपवर आहे. ८४ जणांचा ग्रुप, सकाळी सुप्रभात जोरात. रविवारी धायरी फाट्याजवळ बैठक ठेवलीय. मागच्या वेळी अकरा जण आले होते, त्यातले दोघे चहा पिऊन गेले.