पांढरी माशी वासावर येते का?

वर एकांनी विचारलंय की कपाशीची एक ओळ पांढऱ्या माशीने भरते आणि शेजारची दुसऱ्या वाणाची ओळ जवळजवळ मोकळी राहते, हे कसं? माशी वासावर येते का? वासाचा थोडा वाटा आहे, पण लांबून तिला ओढतो तो मुख्यतः रंग. पिवळट हिरव्यावर ती झेपावते, म्हणून तर चिकट सापळे पिवळे. खरी निवड मात्र पानावर उतरल्यावर. सोंड खुपसून रस चाखते, पटला नाही की उडाली.

वाणाचा फरक इथे येतो. पानामागे बऱ्यापैकी लव असेल तर मादी तिथे जास्त अंडी घालते, गुळगुळीत पानावर कमी. पंचाईत अशी की हीच लव तुडतुड्यांना, म्हणजे कपाशीचा रस शोषणाऱ्या दुसऱ्या किडीला, अडवते. एकाला टाळायला गेलं की दुसऱ्याला आवतण!

अंडी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांमागे असतात. प्रत्येकाला बारीक देठ, तो पानात रुतवलेला. त्यातूनच अंड्याला पाणी मिळतं. पिल्लू बाहेर आलं की थोडंसं सरकतं, सोंड रोवतं आणि मग पंख फुटेपर्यंत तिथेच बसतं. आईने चुकीचं पान निवडलं तर पिल्लाला दुसरा मार्ग नाही. झाड वाढतं तशी ही पानं खाली राहतात, त्यामुळे मोठी पिल्लं बघायची तर मधली-खालची पानं उलटा. सकाळी लवकर आणि हलक्या हाताने, नाहीतर वरच्या माश्या भुर्रकन उडतात आणि मोजणी फसते.

आणि युरियाचा हात जरा आवरा. नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत कपाशीवर ती हटकून वाढते.