नॉकआउट उंदरांतील फरक एका फेरीत दिसतो आणि पुढच्या फेरीत नाहीसा होतो: शंका कोठून घ्यायला सुरुवात करावी?

संशोधक विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करत आहे. आमच्याकडे एका जनुकाचे नॉकआउट उंदीर आहेत आणि ते जनुक नसताना लहान आतड्यातील टी पेशींचे काय होते, हा माझा विषय आहे. पहिल्या फेरीत नॉकआउट उंदरांमध्ये आयएल-१७ हे सायटोकाइन (पेशींमधील संदेशवाहक प्रथिन) तयार करणाऱ्या सीडी४ टी पेशींचे प्रमाण वाइल्ड टाइपपेक्षा, म्हणजे ते जनुक शाबूत असलेल्या उंदरांपेक्षा, इतके स्पष्टपणे जास्त दिसले, की आलेख पाहताच मार्गदर्शकांनी शोधनिबंधाची रूपरेषा मांडायला घेतली. दुसऱ्या फेरीत हा फरक कमी झाला. त्यानंतर प्राणिगृहातील दुरुस्तीमुळे आमचे पिंजरे दुसऱ्या खोलीत हलवावे लागले आणि तेथे केलेल्या फेरीत तो जवळजवळ उरलाच नाही.

माझी पद्धत अशी आहे: आतड्याच्या अस्तराखालील थरातून, म्हणजे लॅमिना प्रोप्रियातून, पेशी वेगळ्या करते, पीएमए आणि आयनोमायसिन ही रसायने देऊन त्यांना उत्तेजित करते, ब्रेफेल्डिनने सायटोकाइन पेशीतच अडवून ठेवते आणि मग चमकणारे रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी पेशींच्या आतील स्टेनिंग करून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करते. नॉकआउट उंदरांची पैदास आमच्याच प्राणिगृहात, नर आणि मादी दोन्ही नॉकआउट ठेवून होते. वाइल्ड टाइप उंदीर पुरवठादाराकडून येतात आणि काही दिवस स्थिरावल्यानंतर वापरले जातात.

प्रयोगशाळेत यावर दोन मते आहेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते संख्या वाढवत राहावे, म्हणजे फरक आपोआप स्पष्ट होईल. दुसऱ्यांच्या मते खोली बदलल्यानंतरची फेरी बाजूला ठेवावी, कारण त्या वेळी उंदरांवर ताण होता. मला दोन्ही पटत नाही, परंतु त्याऐवजी काय करावे हे नेमकेपणाने सांगता येत नाही. वार्षिक प्रगती-आढावा जवळ आला आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

थायमस

नमस्कार. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती पद्धतीच्या परिच्छेदाच्या अगदी शेवटी आली आहे. नॉकआउट घरचे आणि वाइल्ड टाइप बाहेरचे, अशी मांडणी असेल तर तुम्ही एका जनुकाची नव्हे, तर दोन वेगळ्या ठिकाणी वाढलेल्या उंदरांची तुलना करत आहात. अन्य एखाद्या अवयवात याचा परिणाम कदाचित कमी झाला असता, पण आतड्यातील आयएल-१७ बाबत मात्र तो निर्णायक ठरू शकतो.

इम्युनॉलॉजिस्ट डॅन लिटमन यांच्या गटाने २००८-०९ च्या सुमारास दाखवून दिले, की एकाच सी५७बीएल/६ वंशाचे उंदीर दोन वेगळ्या पुरवठादारांकडून घेतले, तर एकाकडच्या उंदरांच्या लहान आतड्यात टीएच१७ पेशी (आयएल-१७ तयार करणाऱ्या सीडी४ टी पेशी) भरपूर असतात आणि दुसऱ्याकडच्या उंदरांत अगदी थोड्या. हा फरक जनुकांचा नव्हता. आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटून राहणारे सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया एका ठिकाणी होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते. ज्या उंदरांत ते नव्हते त्यांच्या आतड्यात ते सोडल्यावर टीएच१७ पेशी वाढल्या. आता तुमच्या तीन फेऱ्यांकडे पुन्हा पाहा. खोली बदलली म्हणजे बहुधा पिंजऱ्यातील भुसा, खाद्याची खेप, कदाचित पाणी आम्लयुक्त करण्याची पद्धतही बदलली. अशा बदलांनी आतड्यातील जीवाणू बदलतात. म्हणून ‘ताण होता’ असे म्हणून ती फेरी वगळणे मला अत्यंत चुकीचे वाटते. तिन्ही फेऱ्यांमध्ये सर्वांत जास्त माहिती देणारी फेरी बहुधा तीच आहे.

उपाय वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही. तुलना एकाच वेतातील भावंडांमध्ये झाली पाहिजे. नॉकआउट आणि वाइल्ड टाइप यांचा संकर केला की सर्व पिल्ले विषमयुग्मी (जनुकाची एक प्रत शाबूत, एक निकामी) होतात. त्यांचा आपसांत संकर केला की साधारण चौथा हिस्सा नॉकआउट आणि चौथा हिस्सा वाइल्ड टाइप मिळतो. विषमयुग्मी उंदीर वाइल्ड टाइपसारखेच वागतात याची आधी खात्री करून घेता आली, तर विषमयुग्मी आणि नॉकआउट असा संकर ठेवता येतो. त्यातून निम्मी पिल्ले नॉकआउट मिळतात आणि कमी प्राणी वाया जातात. गर्भकाळ सुमारे तीन आठवडे, दूध तोडायला आणखी तीन आठवडे आणि पैदाशीचे वय येईपर्यंत त्याहून काही आठवडे, असा हिशेब मांडून हे काम आजच सुरू करा. तोपर्यंत दोन्ही गटांच्या ताज्या विष्ठेचे नमुने गोठवून ठेवा आणि त्या जीवाणूसाठी पीसीआर करा. ही चाचणी स्वस्त आहे आणि आढाव्यापूर्वी होऊ शकते.

भावंडे वापरल्यानेही एक प्रश्न सुटत नाही, तो आताच सांगून ठेवतो. तुमचे नॉकआउट जुन्या पद्धतीने, १२९ नावाच्या उंदीर-वंशाच्या भ्रूणपेशींतून तयार केलेले असतील, तर त्या जनुकाच्या आसपासचा १२९ वंशाचा तुकडा अनेक पिढ्यांच्या बॅकक्रॉसनंतरही (हव्या त्या वंशाशी पुन्हा पुन्हा केलेल्या संकरानंतरही) सोबत राहतो. कॅस्पेज-१ च्या नॉकआउट उंदरांचे उदाहरण या बाबतीत प्रत्येक नव्या संशोधकाला माहीत असायला हवे. कित्येक वर्षे त्या उंदरांवरचे निष्कर्ष कॅस्पेज-१ च्या नावावर जमा होत होते. २०११ मध्ये लक्षात आले, की १२९ वंशात शेजारचे कॅस्पेज-११ हे जनुक मुळातच निकामी असल्यामुळे त्या उंदरांमध्ये दोन्ही प्रथिने नव्हती. ही दोन जनुके इतकी जवळ आहेत, की नेहमीच्या संकरातून ती वेगळी होणे जवळजवळ अशक्य. सेप्टिक शॉकमधील जे परिणाम कॅस्पेज-१ मुळे होतात असे मानले गेले होते, त्यांतील महत्त्वाचा भाग कॅस्पेज-११ चा निघाला. म्हणून तुमचे उंदीर कोणत्या वंशात, कोणत्या पद्धतीने तयार झाले, हे मूळ निबंधात जाऊन वाचा. प्रयोगशाळेतील तोंडी इतिहासावर विसंबू नका.

गेटिंग

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु नवीन संकर तयार होईपर्यंत हाती असलेल्या फाइली पुन्हा तपासणे शक्य आहे, त्याबद्दल लिहितो.

लॅमिना प्रोप्रियातील पेशी मिळवण्यासाठी आतडे ईडीटीएमध्ये हलवून अस्तर सुटे करावे लागते आणि उरलेली ऊती कोलाजनेजने पचवावी लागते. यात पुष्कळ पेशी मरतात आणि मेलेल्या पेशी कोणतेही प्रतिपिंड चिकटवून घेतात. त्यामुळे मृत पेशी ओळखणारा डाय वापरला आहे का, आणि तो फिक्सेशनच्या आधी दिला आहे का, हे प्रथम पाहा. पेशींचे आवरण सच्छिद्र केल्यानंतर जिवंत-मृत हा भेद करता येत नाही. पचनाला एका दिवशी थोडा जास्त वेळ लागला, तर मृत पेशींचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर तुमची टक्केवारीही.

पीएमए दिल्यानंतर टी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी४ कमी होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उत्तेजित न केलेल्या नमुन्यावर आखलेली सीडी४ ची चौकट (आलेखावर मोजायच्या पेशी निवडणारी सीमा, म्हणजे गेट) उत्तेजित नमुन्यावर तशीच ठेवली, तर ज्या पेशी सर्वाधिक सक्रिय झाल्या त्याच चौकटीबाहेर जातात. शिवाय आतड्यात आयएल-१७ केवळ सीडी४ टी पेशी तयार करत नाहीत. गॅमा-डेल्टा टी पेशी आणि टी रिसेप्टर नसलेल्या जन्मजात लसीका पेशीही ते तयार करतात. तुमच्या पॅनेलमध्ये (एकत्र वापरायच्या प्रतिपिंडांच्या संचात) टीसीआर-बीटा, म्हणजे नेहमीच्या टी पेशींच्या रिसेप्टरचा भाग ओळखणारे प्रतिपिंड, नसेल तर तो घाला.

आयएल-१७ कोणत्या रंगात पाहता? ते पीई या चमकणाऱ्या रंगावर असेल आणि त्याच नळीत पीई-साय७ सारखा जोड-रंग असेल, तर प्रकाशामुळे वा जुन्या कुपीमुळे तो जोड तुटून पीई चा खोटा संकेत मिळतो. प्रत्येक फेरीत आयएल-१७ चे प्रतिपिंड वगळून बाकी सर्व घातलेली नळी, म्हणजे एफएमओ, असलीच पाहिजे; चौकट तिच्यावर आखायची, डोळ्यांना बरी दिसेल तेथे नाही. ती नळी उंदराच्या आतड्यातील त्याच पेशींची हवी. प्लीहेच्या पेशी सोयीच्या असतात, पण त्यांची स्वतःची चमक वेगळी असते.

आणखी एक विनंती. टक्केवारीबरोबर पेशींची प्रत्यक्ष संख्याही काढा. नॉकआउटमध्ये आयएल-१७ च्या पेशी तेवढ्याच राहून बाकीच्या सीडी४ पेशी कमी झाल्या असतील, तरी टक्केवारी वाढलेली दिसेल. परंतु ते जीवशास्त्र पूर्णपणे निराळे आहे. आणि तिन्ही फेऱ्यांच्या फाइलींची नावे एखाद्या सहकाऱ्याकडून बदलून घ्या, म्हणजे कोणती फाइल कोणत्या उंदराची हे ठाऊक नसताना चौकटी आखल्या जातील.

संशोधक विद्यार्थिनी

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. मूळ निबंध शोधला. आमचे उंदीर १२९ वंशाच्या भ्रूणपेशींतूनच तयार झालेले आहेत. पॅनेलमध्ये टीसीआर-बीटा आहे, पण आयएल-१७ पीई वरच आहे आणि एफएमओ प्रत्येक फेरीत ठेवलेली नाही. विष्ठेचे नमुने आजच गोठवले. आता दोन शंका उरतात. प्रत्येक उंदराच्या पेशी मी तीन वेलमध्ये (प्लेटमधील खाचांमध्ये) लावते, तर संख्या मोजताना उंदीर धरायचे की वेल? आणि हे सर्व मार्गदर्शकांसमोर कसे मांडावे? त्यांनी त्या पहिल्या आलेखावर फार आशा ठेवली आहे.

लसीका

संख्या उंदरांची धरायची. एकाच उंदराच्या तीन वेलमधून तुमच्या हाताची अचूकता कळते, जनुकाचा परिणाम कळत नाही. तिन्हींची सरासरी काढून त्या उंदराचा एकच बिंदू ठेवा. आतड्याच्या प्रयोगात मी याच्याही पुढे जाईन. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातील उंदरांचे जीवाणू सारखे होत जातात आणि ते उंदीर परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत. सर्व नॉकआउट एका पिंजऱ्यात आणि सर्व वाइल्ड टाइप दुसऱ्या पिंजऱ्यात असतील, तर सांख्यिकीच्या दृष्टीने तुमच्याकडे दोनच पिंजरे आहेत. विश्लेषणात पिंजरा आणि वेत या दोन्हींची नोंद घ्या. ‘फरक स्पष्ट होईपर्यंत संख्या वाढवा’ हा सल्ला कृपया मानू नका, कारण मनाजोगे उत्तर मिळाल्यावर थांबायचे ठरवले तर असे उत्तर योगायोगानेही कधीतरी मिळतेच. किती उंदीर लागतील हे आधी ठरवा आणि वहीत तारखेसह लिहा.

थायमस यांच्या सल्ल्यात एक भर घालतो. भावंडांना दूध तोडल्यानंतर एकत्र ठेवून फरक नाहीसा झाला, तर दोन शक्यता राहतात: एक म्हणजे जनुकाचा काही संबंधच नाही, दुसरी म्हणजे ते जनुक आतड्यातील जीवाणूंवर परिणाम करते आणि एकत्र राहण्याने तो परिणाम झाकला जातो. यासाठी काही वेतांमधील पिल्ले दूध तोडताना जनुकप्रकारानुसार वेगळी करा, काही एकत्र ठेवा आणि दोन्ही गट मोजा. वेगळे ठेवल्यावर निरनिराळ्या वेतांत फरक पुन्हा पुन्हा उमटत गेला, तर तुमचा विषय अधिक रोचक होतो.

मार्गदर्शकांबद्दल. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांचे निकाल पाहत आलो आहे आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो केवळ सरासरीचे स्तंभ असलेला आलेख. तुम्ही तिन्ही फेऱ्या एकाच आलेखावर मांडा, प्रत्येक उंदराचा एक बिंदू, फेरीनुसार रंग, आणि खाली खोली, पिंजरा, वय, लिंग, उंदीर कोठून आला ते लिहा. शेजारी पीसीआरचा निकाल ठेवा. ‘निकाल चुकला’ असे म्हणण्याची आवश्यकता नाही. या तीन फेऱ्यांना समजावून सांगणारी कोणती स्पष्टीकरणे आहेत आणि प्रत्येकाची परीक्षा कोणत्या प्रयोगाने होईल, एवढेच सांगा.

त्यांनी घाई केलीच, तर आपल्याच शास्त्राचा इतिहास त्यांच्याही परिचयाचा असेल. १९७० च्या दशकात सप्रेसर टी पेशींवर (प्रतिकार दाबून धरणाऱ्या मानल्या गेलेल्या टी पेशींवर) भरपूर लिहिले गेले. नंतर त्या पेशींशी जोडलेला आय-जे हा घटक ज्या जनुकीय भागात असल्याचे मानले होते, तेथे तसे जनुकच सापडले नाही आणि संपूर्ण विषयावरचा विश्वास उडाला. जपानी इम्युनॉलॉजिस्ट शिमोन साकागुची यांनी तोच मूळ प्रश्न पुढे नेला तो इतरांना तपासता येईल अशा रूपात. १९९५ च्या त्यांच्या निबंधात सीडी२५ ही पृष्ठभागावरची खूण असलेल्या पेशी काढून उरलेल्या सीडी४ पेशी थायमस (टी पेशी घडवणारा अवयव) नसलेल्या उंदरांना दिल्यावर अनेक अवयवांत स्वप्रतिकाराचे आजार झाले, आणि काढलेल्या पेशी सोबत दिल्यावर ते टळले. ज्याच्याकडे सीडी२५ चे प्रतिपिंड होते, त्याला हा प्रयोग करून पाहता येत होता. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने अशा पेशींच्या घडणीला आवश्यक ठरलेले फॉक्सपी३ हे जनुक शोधले आणि २०२५ चे नोबेल या तिघांना मिळाले.

आढाव्यात तीन गोष्टी मागून घ्या: संकरासाठी पिंजऱ्यांची जागा, आयएल-१७ साठी दुसऱ्या रंगातील प्रतिपिंड, आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या १२९ तुकड्याची लांबी शोधण्यासाठी जीनोटायपिंगचा खर्च. पिंजऱ्यांची मागणी सर्वांत आधी नोंदवा, कारण प्राणिगृहात जागा मिळायला आणि नैतिक समितीकडून वाढीव संख्येला मंजुरी यायलाच सर्वाधिक वेळ लागतो.