मदत हवी आहे: कराटे वर्गात शिकलेलं रस्त्यावर कामी यावं म्हणून रोज काय सराव करावा?

नमस्कार मंडळी,

मी घणसोलीला राहते, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. वय चाळिशीच्या पुढे. आमच्या सेक्टरमधल्या वर्गात आठवड्यातून दोन संध्याकाळी शोतोकान कराटे शिकते, सध्या हिरवा पट्टा. इथे कराटे, ज्युदो, कुस्ती केलेले बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारते. वर्ग नसतो त्या दिवशी घरी आणि येताजाता कसला सराव करावा, म्हणजे खरंच कुणी अंगावर आलं तर विचार करत बसावं लागणार नाही?

आधी वर्गाबद्दल सांगते, म्हणजे गैरसमज नको. सर मनापासून शिकवतात. झेनकुत्सुच्या लांब पवित्र्यांनी पाय असे भक्कम झालेत की लोकलमध्ये गर्दीचा लोंढा आला तरी तोल जात नाही. पण वर्गात मुलंच जास्त, त्यामुळे सगळा रोख पट्ट्यांच्या परीक्षांवर आणि स्पर्धांवर असतो. स्पर्धेत ठोशाला युको म्हणजे १ गुण, पोटा-पाठीवरच्या लाथेला वाझा-आरी म्हणजे २, डोक्यावरच्या लाथेला इप्पोन म्हणजे ३. चेहऱ्यावरचा ठोसा आवरता घ्यायचा, पंच 'यामे' म्हणाले की थांबायचं आणि पुन्हा आपापल्या जागी यायचं. मुलांच्या अंगी यातून जो संयम येतो तो मला फार मोलाचा वाटतो, माझी मुलगीही तिथेच शिकते. मला स्वतःला मात्र हात सोडवून न थांबता उजेडाकडे, माणसांकडे निघून जाता यायला हवं, आणि ते कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.

हे डोक्यात पक्कं बसलं ते गेल्या पावसाळ्यात. ऑफिसातून उशिरा सुटले होते. स्टेशनवरून घरी चालत येताना एक माणूस बाजूने चालायला लागला, आधी पत्ता विचारला, मग नाव, मग अंतर कमी करत खांद्याला खांदा लागेल इतका जवळ आला. मी औषधाच्या दुकानासमोर वळून उभी राहिले, एक पाय मागे, दोन्ही तळहात छातीसमोर उघडे, आणि दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दादा, तिथेच थांबा. पुढे येऊ नका." दुकानातली दोन माणसं बाहेर डोकावली. तो काहीतरी पुटपुटत रस्ता ओलांडून गेला. पाय मागे घेणं वर्गातून आलं असणार. पण अंतर, उघडे हात, आवाज आणि जागा निवडणं, जे खरं कामी आलं, ते मी कुठे घोटलेलं नव्हतं. तेच घोटायचं आहे.

घरी जे करून पाहिलं ते सांगते, चुकत असेल तर सुधारा.

मनगट धरलं तर काय, यासाठी हेइआन शोदान घेतली. ही आपली पहिलीच काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच), सगळ्यांना पाठ. त्यात उजवीकडे वळून गेदान बाराई (हात खाली झाडून वार अडवणं) झाल्यावर पुढचा पाय थोडा मागे ओढतो आणि तोच हात गोल फिरवून वरून मुठीचा हातोडा मारतो, ती जागा. सर एकदा ओझरतं म्हणाले होते की ही मनगट सोडवण्याची हालचाल आहे. नवऱ्याला मनगट धरायला लावलं. पकडीची कच्ची बाजू अंगठ्याची, कारण बाकीची चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकटा. त्या फटीकडे मनगटाची कड वळवून हात फिरवला की सुटतो. तो हलकेच धरून उभा होता तोवर दर वेळी सुटला. मग त्याला म्हटलं, धर आणि ओढ. तेव्हा हात सुटायच्या आधी माझे पायच पुढे फरपटले, हात लांब झाला आणि त्यातला जोरच गेला. आता असं करते: ओढलं की ओढीच्याच दिशेने एक पाऊल टाकायचं, कोपर बरगडीला चिकटवायचं, आणि मग सगळी कंबर वळवून फिरवायचं. तेव्हा सुटतो. पण त्याने दोन्ही हातांनी एकच मनगट धरलं तर अजिबात नाही. तिथे दुसऱ्या हाताने स्वतःचीच मूठ पकडून वर खेचायची का? त्याआधी नडगीवर लाथ मारून त्याचं लक्ष उडवायचं का? ज्यांनी जोडीदाराकडून खऱ्या ताकदीने धरून घेऊन सराव केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दुखापत न होता जोर कसा वाढवत नेलात तेही लिहा.

दुसरी गोष्ट पडण्याची. माझ्या वर्गात पडायला शिकवत नाहीत आणि ही मला मोठी उणीव वाटते. हल्ला होवो न होवो, जुलैत स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय सटकणं हे रोजचं भय आहे, आणि पुढे हात टेकून पडलं की मनगटच मोडतं. ज्युदोत पहिला धडाच उकेमीचा, म्हणजे इजा न होता पडण्याचा: हनुवटी छातीला, श्वास सोडायचा, पाठ गोल, आणि अंगापासून थोड्या अंतरावर हाताने जमिनीवर सपकन चापट मारून धक्का पसरवायचा. आमच्या घरात फरशी. कापसाच्या दोन गाद्या एकावर एक टाकून उकिडवं बसून मागे लवंडण्यापुरतं करते. याच्या पुढे शिक्षकाशिवाय जाऊ नये असं मला वाटतं. बरोबर ना?

आवाजाचं काय करता? किआई, म्हणजे वार करतानाची आरोळी, पोटातून काढायची हे वर्गात वीस मुलांसोबत जमतं. घरात ओरडले तर शेजारच्या आजी दार वाजवतील. सकाळी उद्यानात मोकळ्यावर केलं, पण लोक वळून बघायला लागले की आवाज आपोआप बसतो. मला वाटतं, आपल्याकडच्या बायकांनी सगळ्यात आधी हा संकोच मोडायला हवा, ठोसे-लाथा त्यानंतर. मुलीला मी रोज एकदा दारात उभं करून "मागे व्हा!" असं मोठ्याने म्हणायला लावते. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनाही शिकवावंसं वाटतं.

कायद्याचं जाणणारे कुणी असतील तर एक शंका. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात खाजगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ प्रमाणे बचावाला जितकी गरज तितकीच इजा, त्याहून जास्त करण्याचा हक्क नाही. आता स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला पाडून वर मारलेल्या ठोशाला पूर्ण ३ गुण मिळतात. म्हणजे पाडलं की मारायचं, हेच अंगवळणी पडतं. रस्त्यावर तो पडला आणि धोका टळला असेल, तर तोच ठोसा मला गुन्हेगार ठरवू शकतो ना? माझा विचार असा की पाडलं की दोन पावलं मागे, वळायचं, पळायचं, मग ११२ ला फोन. सरावातही हेच घोटावं का?

भर (पहिल्या प्रतिसादांनंतर):

सगळ्यांचे आभार. काहींनी विचारलं म्हणून लिहिते.

"कराटे सोड, क्राव मागा (इस्रायलची स्वसंरक्षण पद्धत) कर" असं दोघांनी सुचवलंय. जमलं तर तेही पाहीन, पण काता सोडणार नाही. हेइआन कातांची मालिका कराटेचे जुने गुरू इतोसू यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी मुलांसाठी रचली, हे खरं. त्यांचे शिष्य फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटे दाखवलं आणि पुढे ते स्पर्धेकडे वळलं, हेही खरं. तरी वर लिहिलेली मनगटाची सोडवणूक त्याच मुलांच्या कातेत आहे. ती जोडीदारासोबत उलगडून बघितली जात नाही, एवढीच अडचण.

मिरपूड फवाऱ्याबद्दल: पर्समध्ये ठेवते, पण खच्चून भरलेल्या महिला डब्यात तो मारला तर आपल्यासकट सगळ्यांचेच डोळे चुरचुरतील, आणि उघड्यावर वारा उलटा असला तर आपल्याच तोंडावर. त्यामुळे मी त्याच्यावर विसंबत नाही.

लाठीकाठी सुचवणाऱ्या काकांना: तुमचा मुद्दा मला फार पटला. लांब दांड्याची छत्री दोन्ही हातांनी आडवी धरून अंतर राखायचं, हे आपल्या मर्दानी खेळातून येऊ शकतं. पावसाळाभर छत्री हातात असतेच. फेकीचे आणि रोखण्याचे दोन-तीन साधे हात, जे घराच्या हॉलमध्ये पंख्याला न लागता करता येतील, ते लिहाल का? घडीची छत्री वापरणाऱ्यांसाठीही काही असेल तर हवं आहे.

आणि लोकलच्या दारात फोन घेऊन उभं न राहण्याचा सल्ला योग्यच आहे. कळव्याच्या बाजूची फटका टोळी (रुळांजवळून दारातल्यांच्या हातावर फटका मारून फोन पाडणारे चोर) सगळ्यांना माहीत आहे. फोन पिशवीत, पिशवी पुढे, हे मी आधीपासून पाळते.

आता नेमकी मदत: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे किंवा ठाणे स्टेशनच्या जवळ ज्युदोची मॅट असलेला, चाळिशीतल्या नवख्यांनाही घेणारा, शनिवार-रविवार सकाळचा वर्ग माहीत असेल तर सांगा. गुडघा थोडा दुखतो, हे समजून घेणारा शिक्षक असेल तर उत्तम. शिक्षकांचं नाव, नंबर इथे जाहीर नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि घणसोलीत आठवड्यातून एक सकाळ जोडीने पकड-सोडवणुकीचा सराव करायला कुणी बायका तयार असतील तर त्यांनीही कळवा, जागेचं मी बघते.