वडिलांच्या तळपायाला कुरूप, जुनी शुगर. कॉर्न कॅप लावावी का?

दिंडोरीकर
वडील ६१ वर्षांचे, शुगर १२ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत. द्राक्षबाग असल्यामुळे पावसाळ्यात आणि फवारणीच्या दिवसांत पाय दिवसभर गमबुटात असतात. उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याएवढं कुरूप झालंय. मधोमध काळपट दिसतं. दाबलं तरी दुखत नाही, म्हणून ते निवांत आहेत. गावात कुणी रुईचा चीक लावा म्हणतं, मेडिकलवाल्याने कॉर्न कॅप दिलीय.
कॅप लावू का? नाशिकला दाखवायचं तर हाडाच्या, स्किनच्या की शुगरच्या डॉक्टरांना? बोटांच्या बेचक्यात चिखल्याही आहेत, ट्यूब लावली की जातात आणि परत येतात. आणि श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायची म्हणतायत, त्याचं काय करू?

पायतपासणी
कॉर्न कॅप लावू नका. तिच्यात साधारण ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं, आणि ॲसिडला कुरूप कुठलं आणि चांगली कातडी कुठली ते कळत नाही. चालताना चकती सरकली की शेजारची कातडी भाजते. धडधाकट माणसाला आग होते, तो काढून फेकतो. वडिलांना आग जाणवेलच याची खात्री नाही. रुईचा चीक आणि बिब्बा तर त्याहून वाईट, त्यांना प्रमाणच नसतं.

तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य म्हणजे ‘दाबलं तरी दुखत नाही’. चवड्याखालचं एवढं कुरूप दुखायलाच हवं. दुखत नसेल तर नसा बधिर झाल्या असण्याची शक्यता मोठी. काळपट डाग म्हणजे बहुधा कातडीखाली साकळलेलं रक्त. जाड झालेली कातडी बुटातल्या खड्यासारखी आतल्या मांसावर दाबत राहते. आधी रक्त साकळतं, मग पोकळी होते, मग जखम, आणि वरचं झाकण मात्र शाबूत. कुरूप तासून काढल्याशिवाय खाली काय चाललंय ते कुणालाच सांगता येणार नाही. दोन-तीन दिवसांत दाखवा, छाटणी उरकेपर्यंत थांबू नका.

घरी आजच करता येईल अशी तपासणी: वडिलांना आडवं करा, डोळे मिटायला लावा, स्पर्श कळला की ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायला सांगा. तर्जनीचं टोक बोटाच्या शेंड्याला फक्त टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. एका जागी एकदाच, ‘आता कळलं का?’ म्हणून परत नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा.

डॉक्टर कोणता? पाटीवरची डिग्री बघण्यापेक्षा फोन करून दोन गोष्टी विचारा: दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने) पायाची तपासणी होते का, आणि कुरूप तासून देतात का. शुगरचे डॉक्टर असोत की सर्जन, कॉलेज रोडला असोत की पंचवटीत, दोन्हीला ‘हो’ म्हणतील तिथे जा. पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडीही तपासून घ्या. ती लागली नाही तर दंड आणि घोटा यांच्या रक्तदाबाची तुलना करतात. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पटीपेक्षा कमी आला तर रक्तपुरवठा कमी आहे. तंबाखू असेल तर तेही लपवू नका.

एमसीआर_कारागीर
वरचं सगळं बरोबर, पण कुरूप तासलं आणि पायताण तेच ठेवलं तर ते परत येणार. दाब हटला पाहिजे.

आधी गमबूट बघा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, वडिलांना कागदावर उभं करा आणि पेन्सिल सरळ धरून पायाची कड काढा. तो कागद कापून गमबुटात सरकवा. कडेला दुमडला तर बूट अरुंद आहे, नंबर कितीही बरोबर असो. सगळ्यात लांब बोटापुढे एक सेंटिमीटर तरी मोकळं हवं. रोज घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा आणि मग आत हात फिरवायचा. मांडवाच्या तारेचा तुकडा, काडीचं टोक, खडा, काहीही निघतं, आणि बधिर पायाला ते दिवसभर कळत नाही.

बाकी वेळ एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल. वर १० ते १२ मिलीमीटरचं मऊ एमसीआर आणि खाली कडक रबर हवंच. नुसतं मऊ असेल तर बाभळीचा काटा आरपार येतो. मागे पट्टा पाहिजे, नाहीतर चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि बोटांच्या शेंड्यांना नवीन कुरूप. अंगठ्याची चप्पल नको. खिळा कुठेही नको, शिलाई किंवा चिकटवण. दुकानात अंगठ्याने दाबून बघा: निम्म्यापर्यंत दबून लगेच वर आलं तर माल चांगला. मऊ म्हणून विकला जाणारा साधा फोम दबतो आणि दबलेलाच राहतो. चांगलं एमसीआरसुद्धा वापराने बसतं, सहा महिन्यांनी पुन्हा दाबून बघा.

आणि हो, शुगरवाल्याने घरातही अनवाणी फिरायचं नाही. हे ऐकून घेणारे फार कमी.

त्वचा_ओपीडी
चिखल्यांबद्दल. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलंय का बघा. त्या स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी तशीच राहते आणि नंतर जास्त पसरते. नुसतं क्लोट्रिमॅझोल एक टक्का, दिवसातून दोनदा, चार आठवडे. कातडी चांगली दिसायला लागली तरी मध्येच सोडायचं नाही. करंगळीशेजारची बेचकी सगळ्यात आधी कुजते. रोज धुतल्यावर सुती फडक्याने प्रत्येक बेचकी टिपून कोरडी करा. तेल, व्हॅसलीन तळव्याला आणि टाचेला चालेल, बेचक्यात नाही. मोजे सुती, दुपारी एकदा बदलायचे.

या चिरांतूनच जंतू आत जातात आणि पाय पोटरीपर्यंत लालबुंद सुजतो, म्हणून चिखल्या किरकोळ समजू नका.

सातपूर_शिफ्ट
याच धाग्यात विचारतो. शुगर नाही, टाचेखाली कुरूप आहे, काळे ठिपकेही आहेत. कॉर्न कॅप चालेल?

त्वचा_ओपीडी
आधी ते कुरूप आहे का बघा. सरळ दाबल्यावर दुखतं ते कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं ती बहुधा चामखीळ. कुरुपावरून कातडीच्या रेषा सलग जातात, चामखिळीपाशी तुटतात आणि काळे ठिपके दिसतात. तुमचं वर्णन चामखिळीचं वाटतं. ती विषाणूची असते, पसरते. ब्लेडने कापू नका, दाखवून घ्या.

दिंडोरीकर
स्पर्शाची तपासणी केली. सहापैकी तीन जागी कळलं नाही, दोन्ही अंगठे आणि उजवी करंगळी. ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल निघालं. आई म्हणते भेगांना कोकमतेल लावते तसं कुरुपाला लावू का? आणि रोज गरम पाण्यात पाय बुडवून बसतात, ते चालू ठेवू?

पायतपासणी
गरम पाणी आजपासून बंद. बधिर पाय भाजतो तो बऱ्याचदा असाच. धुवायला कोमट पाणी, तेही कोपराने बघून, आणि बघणारं माणूस दुसरं. बुडवून बसल्याने बेचकीही भिजून मऊ होते. कोकमतेल कोरड्या टाचेला उत्तम, पण भेगेतून रक्त येत नसेल तरच. कुरुपावर काही लावू नका, वजरीही घासू नका, डॉक्टरांना जसं आहे तसं दिसू द्या. तोवर उभं राहणं आणि चालणं गरजेपुरतंच.

फेरी या वर्षी नाही. लहान फेरीसुद्धा २० किलोमीटरच्या आसपास, पाऊस, चिखल, खडी. अनवाणी तर कुठल्याच वर्षी नको. कुरुपाखाली जखम निघाली तर ती भरेपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

एक पाय दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागला, सुजला, वास आला किंवा ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा. दुखत नसलं तरी.

दिंडोरीकर
उद्या सकाळची वेळ मिळाली, गंगापूर रोडला. दोन्ही गोष्टींना ‘हो’ म्हणाले.

एमसीआर_कारागीर
जाताना गमबूट आणि रोजची चप्पल पिशवीत घालून न्या. आतला तळ कुठे झिजलाय ते बघून दाब कुठे पडतो ते लगेच कळतं. ती ट्यूबही न्या.